सोनं पिवळंच का, आणि त्यासाठी बक्षीस कशाला?

१. सराफाचा काळा दगड

सोनं पिवळं का असतं? हा प्रश्न लहान मुलं हमखास विचारतात आणि मोठी माणसं हमखास टाळतात. सोनं पिवळं, चांदी पांढरी, तांबं लालसर, काच आरपार. पेन्सिलीतलं ग्राफाइट आणि अंगठीतला हिरा हे दोन्ही निव्वळ कार्बन, तरी एक काळं आणि दुसरा लख्ख. ‘त्याचा रंगच तसा’ या उत्तरावर पोरांचं समाधान होत नाही, आणि व्हायलाही नको.

सराफ या प्रश्नाच्या मुळाशी जात नाही, पण त्याचा उपयोग मात्र पुरेपूर करतो. तो कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना घासतो, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढतो आणि दोन्ही रेघांचा रंग ताडून पाहतो. त्यावर आम्लाचा थेंब टाकायचा तो नंतर. पहिला अंदाज डोळ्यांचाच. प्रकाश पदार्थावर पडला, परत आला, आणि येताना त्याच्यात काही बदल झाला. तो बदल वाचता आला की पदार्थाच्या पोटात काय आहे ते कळतं.

भौतिकशास्त्रज्ञ हेच काम करतात. फरक इतकाच की त्यांची नजर डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगांपर्यंत पोहोचते, आणि रेघेऐवजी त्यांच्या हातात आकडे असतात. या कामासाठी अमेरिकन फिजिकल सोसायटी १९८० पासून, साधारणपणे दर दोन वर्षांनी, एक पारितोषिक देते. त्याचं नाव ‘घन पदार्थांतील प्रकाशीय परिणामांसाठीचं फ्रँक आइझॅक्सन पारितोषिक’. नाव असं लांबलचक की वर्तमानपत्राच्या मथळ्यात मावू नये, आणि ते सहसा मथळ्यात येतही नाही. नोबेलच्या यादीत शिखरं दिसतात. पण एखादं शास्त्र रोज कोणत्या वाटांनी चालतं हे पाहायचं असेल, तर मला अशा आडबाजूच्या बक्षिसांची यादी जास्त बोलकी वाटते. या प्रकरणात आपण त्या यादीतल्या काही जणांना भेटणार आहोत. त्याआधी थोडी तयारी करू.

२. नाणं लहान पडलं तर

रेल्वे स्टेशनांवर रंगीत दिवे लुकलुकणारा वजनकाटा असायचा, तो आठवून पाहा. ठरलेलं नाणं टाकलं की खटकन वजनाचं तिकीट बाहेर. त्याहून लहान नाणं टाकलं तर ते आतून घरंगळत खालच्या खाचेतून जसंच्या तसं परत. अशी दहा लहान नाणी एकामागून एक टाकली तरी काट्याला बेरीज येत नाही. दहाही परत मिळतात.

प्रकाश पदार्थात शिरतो तो अशाच सुट्या नाण्यांनी. या नाण्यांना फोटॉन म्हणतात. प्रत्येक रंगाच्या फोटॉनची किंमत, म्हणजे ऊर्जा, ठरलेली असते. अणूंच्या पातळीवर ती मोजायला इलेक्ट्रॉन व्होल्ट हे छोटं माप वापरतात. हिशेब सोपा आहे. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये घ्या आणि १२४० ला तिने भागा. ६५० नॅनोमीटरचा लाल फोटॉन १.९ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, तर ४०० नॅनोमीटरचा जांभळा ३.१ चा. म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसतं ते सगळं साधारण १.८ ते ३.१ एवढ्या अरुंद पट्ट्यात.

आता पदार्थाकडे वळू. स्फटिकातले इलेक्ट्रॉन हव्या त्या ऊर्जेवर राहू शकत नाहीत. त्यांना ऊर्जेचे काही पट्टे खुले असतात आणि मधले काही पूर्ण बंद. भरलेला पट्टा आणि त्याच्या वरचा रिकामा पट्टा यांच्यातल्या बंद जागेला बँड गॅप म्हणतात. फोटॉनची ऊर्जा या गॅपपेक्षा कमी असेल तर इलेक्ट्रॉन तो घेऊच शकत नाही, आणि फोटॉन आरपार निघून जातो. गॅपइतकी किंवा जास्त असेल तर इलेक्ट्रॉन फोटॉन गिळून वरच्या पट्ट्यात जातो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन स्फटिकात जिरते. (वजनकाटा मात्र मोठं नाणं आत घेत नाही, म्हणून उपमा इथेच सोडून देऊ.)

हिऱ्याचा गॅप ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्टचा. दिसणाऱ्या प्रकाशातला एकही फोटॉन तिथवर पोहोचत नाही, म्हणून हिरा पारदर्शक. ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू वेगळ्या तऱ्हेने रचलेले असतात आणि गॅप उरतच नाही. येईल तो फोटॉन शोषला जातो. सिलिकॉनचा गॅप १.१. म्हणजे दिसणारा प्रत्येक फोटॉन त्याला चालतो, आणि म्हणूनच सिलिकॉनची चकती आपल्याला करडी, चकचकीत आणि अपारदर्शक दिसते. पण १२४० ला १.१ ने भागा. ११२७ नॅनोमीटरच्या पुढच्या अवरक्त प्रकाशाला हीच चकती खिडकीच्या काचेसारखी आरपार आहे.

हे घरी पडताळता येतं. टीव्हीचे बरेच रिमोट ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सोडतात. डोळ्यांना तो दिसत नाही. पण त्याचा फोटॉन १.३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा, म्हणजे सिलिकॉनच्या गॅपपेक्षा मोठा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चकतीही सिलिकॉनचीच, म्हणून बटण दाबून रिमोटचं टोक त्या कॅमेऱ्यातून पाहिलं तर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसतो. मागचा कॅमेरा हा प्रकाश बहुधा गाळून टाकतो. सेल्फीचा कॅमेरा वापरून पाहा.

३. मग सोन्याचं काय?

धातूंत गॅप नसतो. मोकळे इलेक्ट्रॉन भरपूर असतात आणि ते आलेला प्रकाश परत फेकतात, म्हणून धातू चमकतात. चांदी दिसणारे सगळे रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात परत करते. खोलवर बांधलेल्या इलेक्ट्रॉनना वर उचलायला चांदीत सुमारे ३.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि तो प्रदेश अतिनील किरणांचा. सोन्यात मात्र हे शोषण २.४ च्या आसपासच सुरू होतं. १२४० भागिले २.४ म्हणजे ५१७ नॅनोमीटर. त्याखालचा निळा-जांभळा प्रकाश सोनं बऱ्याच अंशी गिळतं. पिवळा, नारिंगी, लाल परत पाठवतं. उरलेल्याची बेरीज म्हणजे सोनेरी.

हा उंबरठा सोन्यातच इतका खाली का आला? सोन्याच्या अणुकेंद्रात ७९ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे अगदी आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. एवढ्या वेगाला आइन्स्टाइनचे सापेक्षतेचे नियम लागू होतात. त्यामुळे काही कक्षा आकसतात, काही सैलावतात आणि त्यांच्यातलं ऊर्जेचं अंतर घटतं. सापेक्षता नसती तर सोनं चांदीसारखंच पांढरं दिसलं असतं आणि मंगळसूत्राच्या वाट्या कोणत्या धातूच्या हे लांबून ओळखता आलं नसतं.

४. नौदल आणि एक अधिकारी

फ्रँक आइझॅक्सन कोण? पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नावाचं समीकरण सापडणार नाही. अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयात ते भौतिकशास्त्राचा विभाग सांभाळत. हे कार्यालय १९४६ मध्ये स्थापन झालं. मूलभूत संशोधनाला सरकारी पैसा देणारं अमेरिकेचं नॅशनल सायन्स फाउंडेशन आलं १९५० मध्ये. मधल्या वर्षांत विद्यापीठांतल्या कित्येक प्रयोगशाळा नौदलाच्या अनुदानावर चालल्या.

पदार्थ कोणता प्रकाश गिळतो आणि कोणता सोडतो, यात नौदलाला काय रस? अंधारात तापलेलं इंजिन किंवा माणसाचं शरीर १० मायक्रोमीटरच्या आसपासच्या अवरक्त किरणांत उजळून दिसतं. साधी काच हे किरण अडवते. जर्मेनियम, जे डोळ्यांना धातूच्या आरशासारखं दिसतं, ते किरण आरपार सोडतं. म्हणूनच उष्णता पाहणाऱ्या कॅमेऱ्यांची भिंगं जर्मेनियमची करतात. तेव्हा या ज्ञानाला सुरुवातीपासून लष्करी गिऱ्हाईक होतं हे लपवण्यात अर्थ नाही.

१९८६ चे मानकरी इलायस बर्स्टीन हे त्याच वाटेवरचे. ते १९४५ ते १९५८ अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत होते. इंडियम अँटिमोनाइड या अर्धवाहकाचा गॅप काही नमुन्यांत लहान भरत होता, काहींत बराच मोठा. पदार्थ एकच, मग गॅप दोन कसे? बर्स्टीन यांनी १९५४ मध्ये उलगडा केला. मोठा गॅप दाखवणाऱ्या नमुन्यांत जास्तीचे इलेक्ट्रॉन होते आणि त्यांनी वरच्या पट्ट्याच्या तळाच्या पातळ्या आधीच व्यापल्या होत्या. नव्या इलेक्ट्रॉनला त्यांच्याही वर जावं लागे, म्हणून फोटॉन अधिक ऊर्जेचा लागे. इंग्लंडमध्ये मॉस यांनीही त्याच वर्षी हेच सांगितलं, म्हणून याला बर्स्टीन-मॉस सरकाव म्हणतात. तुमच्या मोबाइलच्या पडद्यावर इंडियम ऑक्साइडचा, कथिल मिसळलेला, अतिशय पातळ थर असतो. तो वीजही वाहतो आणि पारदर्शकही राहतो. कथिलामुळे आलेल्या इलेक्ट्रॉननी वीज वाहते, आणि त्याच इलेक्ट्रॉनच्या गर्दीमुळे शोषणाचा उंबरठा अतिनीलात आणखी आत सरकतो.

५. टाउत्स यांची सरळ रेघ

आतापर्यंत आपण स्फटिकांबद्दल बोललो. तिथे अणू शिस्तीत, रांगेने असतात आणि पट्ट्यांचं सगळं गणित त्या शिस्तीवर उभं आहे. रांगाच मोडल्या तर? सौरऊर्जेवर चालणाऱ्या कॅल्क्युलेटरच्या माथ्यावर तपकिरी पट्टी असते. तिथलं सिलिकॉन अस्फटिकी असतं, म्हणजे त्याचे अणू विस्कळीत रचनेत गोठलेले. नियमाप्रमाणे तिथे गॅपची कडा धूसर व्हायला हवी, आणि होतेही. मग गॅप मोजायचा कुठून?

यान टाउत्स १९२२ मध्ये चेकोस्लोव्हाकियात पार्दुबिसेला जन्मले. १९६६ मध्ये त्यांनी ग्रिगोरोविची आणि वांकू या रुमेनियन सहकाऱ्यांबरोबर अस्फटिकी जर्मेनियमवर एक निबंध लिहिला. त्यातली युक्ती हातात मोजपट्टी धरता येणाऱ्या कोणालाही जमेल अशी आहे. प्रत्येक रंगाला पदार्थ किती प्रकाश शोषतो ते मोजा. त्या आकड्याला फोटॉनच्या ऊर्जेने गुणा आणि वर्गमूळ काढा. आडव्या अक्षावर ऊर्जा, उभ्यावर हे वर्गमूळ असा आलेख काढलात की धूसर कडेतून एक सरळ तुकडा वर येतो. तो तुकडा खाली वाढवत न्या. आडव्या अक्षाला छेदेल तो गॅप.

दोनच वर्षांनी, १९६८ मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये घुसले. टाउत्स अमेरिकेला गेले आणि ब्राउन विद्यापीठात रमले. त्यांना १९८२ चं आइझॅक्सन पारितोषिक मिळालं.

त्यांचा आलेख मात्र जगभर पसरला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठासारख्या ठिकाणी, जिथे पदार्थांच्या पातळ थरांवर वर्षानुवर्षं काम चाललं आहे, ‘टॉक प्लॉट’ (टाउत्स यांच्याच नावाचा तिथला उच्चार) हा शब्द प्रयोगशाळेत चहाइतका नित्याचा. उदाहरण म्हणून काचपट्टीवर कॅडमियम सल्फाइडचा थर घ्या. हा स्फटिकी आणि सोप्या जातीचा पदार्थ, म्हणून इथे वर्गमूळाऐवजी वर्ग घेतात. रेघ अक्षाला २.४ च्या जवळ छेदते. १२४० भागिले २.४ म्हणजे पुन्हा ५१७ नॅनोमीटर. निळा शोषला गेला, बाकीचा आरपार गेला. काचपट्टी उजेडाकडे धरली तर पिवळी दिसते. सोन्याचाच आकडा, पण कारण निराळं: सोनं परत फेकतं आणि हा थर पलीकडे सोडतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. आलेखाचा कोणता तुकडा ‘सरळ’ मानायचा हे बघणाऱ्याच्या हातात असतं. थोडा वरचा धरला, थोडा खालचा धरला, की उत्तर सहज ०.१ ने हलतं. म्हणून टॉक प्लॉटवरून काढलेला गॅप दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत लिहिलेला दिसला तर खुशाल भुवई उंचवावी.

६. हलवून पाहणं

१९८४ चे मानकरी मानुएल कार्डोना. बार्सिलोनाला १९३४ मध्ये जन्म, हार्वर्डला शिक्षण, पुढे टाउत्स यांच्याच ब्राउन विद्यापीठात काही वर्षं, आणि १९७१ पासून जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत. घनावस्था भौतिकीचे आपल्याकडचे विद्यार्थी त्यांना ओळखतात ते पीटर यू यांच्याबरोबर लिहिलेल्या जाडजूड पाठ्यपुस्तकामुळे.

गॅप ही पट्ट्यांमधली फक्त सर्वांत लहान उडी. त्याच्या वर आणखी कितीतरी उड्या शक्य असतात, पण परावर्तनाच्या साध्या आलेखात त्या बुजलेल्या टेकाडांसारख्या दिसतात. कार्डोना आणि त्यांच्या पिढीतल्या लोकांनी पदार्थ थोडासा हलवायला सुरुवात केली. त्यावर सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होणारा विद्युतदाब द्यायचा, किंवा त्याला त्याच लयीत किंचित तापवायचं वा ताणायचं, आणि परत आलेल्या प्रकाशातला फक्त त्या लयीत थरथरणारा भाग वेगळा काढायचा. हा भाग मूळ प्रकाशाच्या हजारांश किंवा त्याहूनही कमी. पण नेमक्या उड्यांच्या जागीच तो मोठा होतो, बाकी सगळीकडे शून्याजवळ. टेकाडांच्या जागी सुळके उभे राहिले आणि पट्ट्यांचे कागदावरचे नकाशे पहिल्यांदा काटेकोरपणे तपासता आले.

७. बंगळुरू, पुणे आणि परदेश

कार्डोनांचं दुसरं प्रेम म्हणजे रामन परिणाम, आणि इथे गोष्ट आपल्या अंगणात येते. २८ फेब्रुवारी १९२८ ला चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कोलकात्यात जाहीर केलं की द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात थोडा प्रकाश रंग बदलून बाहेर येतो. फोटॉन जाता जाता पदार्थातल्या कंपनांना थोडी ऊर्जा देऊन जातो आणि स्वतः तेवढा गरीब होतो. त्याच सुमारास मॉस्कोत लान्डस्बर्ग आणि मान्डेलश्टाम यांना क्वार्ट्‌झच्या स्फटिकात हेच दिसलं होतं. १९३० चं नोबेल एकट्या रामन यांना मिळालं, याची सल रशियन भौतिकशास्त्रात बरीच वर्षं राहिली.

हिऱ्याचंच उदाहरण करून पाहू. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर हिऱ्यावर सोडला. एका सेंटीमीटरमध्ये याच्या सुमारे १८,७९७ लाटा बसतात. हिऱ्यातल्या कार्बनच्या कंपनाचा आकडा याच मापात १३३२. वजाबाकी १७,४६५, म्हणजे ५७२.६ नॅनोमीटर. हिरवा आत गेला आणि त्यातला अगदी नगण्य अंश पिवळा होऊन बाहेर आला. मुंबईतल्या हिरेबाजारात एखादा खडा हिरा आहे की झिरकॉनिया, हे या १३३२ च्या रेषेवरून क्षणात कळतं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा मात्र हीच रेषा दाखवतो, कारण तोही अस्सल कार्बनचा हिराच; त्याला ओळखायला दुसऱ्या चाचण्या लागतात.

रामन यांच्याकडे बंगळुरूच्या त्यांच्या संस्थेत जे तरुण शिकले त्यांत अनंत रामदास होते. शिक्षण पुणे विद्यापीठाचं, आणि पुढची सगळी कारकीर्द अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात. १९९४ चं आइझॅक्सन पारितोषिक त्यांचं.

त्यांच्या कामातला मला सर्वांत देखणा वाटणारा भाग असा. सिलिकॉनमध्ये फॉस्फरसचा एखादा अणू घातला की त्याचा एक इलेक्ट्रॉन जास्तीचा ठरतो. फॉस्फरसच्या धनभाराभोवती तो सैलसा फिरत राहतो. एक धन केंद्र, एक इलेक्ट्रॉन: हा तर हायड्रोजनचा अणू झाला, फक्त पोकळीऐवजी सिलिकॉनच्या पोटात. खऱ्या हायड्रोजनमधून इलेक्ट्रॉन उपटायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. या तोतया हायड्रोजनला ०.०४५ पुरतात. तीनशेपट कमी! १२४० भागिले ०.०४५ केलं तर २७,५०० नॅनोमीटरच्या आसपासचा खोल अवरक्त प्रकाश येतो. खोलीच्या तापमानाला उष्णतेच्या धक्क्यांनीच हा इलेक्ट्रॉन निसटतो, म्हणून नमुना द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत गार करावा लागतो. मग शोषणाच्या आलेखात हायड्रोजनसारख्या बारीक रेषांची मालिका उमटते. स्फटिक एका दिशेने दाबला की त्या रेषा फुटतात, आणि कशा फुटतात त्यावरून त्या इलेक्ट्रॉनच्या हालचालीचा स्फटिकाच्या दिशांशी काय संबंध आहे ते कळतं. आज संगणकाच्या चिपमध्ये मोजून मिसळले जाणारे हेच अणू. रामदास आणि त्यांचे सहकारी रॉड्रिगेझ यांनी १९८१ मध्ये या विषयाचा जो आढावा लिहिला, त्याच्या शीर्षकातच हायड्रोजन अणूची घनावस्थेतली ही भावंडं आहेत.

८. विचारणारा प्रकाश आता हुकूमही देतो

गेल्या पंचवीस वर्षांतली यादी पाहिली की विषयाचा तोंडवळा बदललेला दिसतो. २००२ चे थॉमस टिमुस्क आणि २००८ चे जोसेफ ओरेनस्टाइन यांच्या कामात उच्च तापमानाचे अतिवाहक ठळक आहेत. अतिवाहक म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणारे पदार्थ. २०१२ चे दिमित्री बासोव्ह यांच्या गटाने सूक्ष्म सुईच्या टोकाशी अवरक्त प्रकाश एकवटून ग्राफीनच्या एक अणू जाडीच्या पत्र्यावर पसरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या लाटा चित्रात पकडल्या.

सर्वांत मोठा वाद ज्यांच्या कामाभोवती आहे ते २०१८ चे मानकरी, हॅम्बुर्गचे आंद्रेआ काव्हालेरी. आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत प्रकाश पदार्थाची विचारपूस करून निघून जात होता. काव्हालेरी अवरक्त प्रकाशाचा जोरदार, अतिशय लहान झोत सोडून स्फटिकातल्या ठरावीक कंपनांना झुलवतात, आणि तेवढ्या वेळापुरता पदार्थाचा स्वभाव बदलतो का ते पाहतात. कार्बनच्या अणूंनी बनलेल्या चेंडूसारख्या रेणूंमध्ये पोटॅशियम घातलेला एक पदार्थ एरवी उणे २५३ अंशांच्या खालीच अतिवाहक होतो. २०१६ मध्ये त्यांच्या गटाने सांगितलं की झोत पडल्यावर काही पिकोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या लाखकोटीव्या भागाच्या काही पट एवढाच वेळ, तो याहून बऱ्याच वरच्या तापमानालाही अतिवाहकासारखं परावर्तन दाखवतो.

आक्षेप लगेच आले, आणि ते पोकळ नाहीत. ‘अतिवाहकासारखं’ म्हणजे अतिवाहकच का? झोताचा परिणाम पृष्ठभागाजवळ जास्त आणि आत कमी असतो. तो किती खोल जातो याचा हिशेब चुकला तर साधा चांगला वाहकही आलेखात अतिवाहक भासू शकतो. इतक्या कमी वेळात तारा जोडून विरोध मोजणं अवघड. मग दुसरा पुरावा कोणता? अतिवाहकाची आणखी एक खूण आहे: तो चुंबकीय क्षेत्र आपल्या अंगाबाहेर ढकलतो. २०२४ मध्ये काव्हालेरी यांच्या गटाने तांब्याच्या ऑक्साइडच्या एका अतिवाहकावर नेमका हाच प्रयोग प्रसिद्ध केला. नमुन्याच्या शेजारी त्यांनी एक वेगळा स्फटिक ठेवला आणि त्यातून दुसरा प्रकाश सोडला. त्या प्रकाशाच्या कंपनाची दिशा किती वळते यावरून क्षेत्र किती बदललं ते मोजलं, आणि झोत पडल्यावर नमुन्याच्या कडेला क्षेत्र वाढलेलं दिसलं. चुंबकामुळे प्रकाशाची कंपनदिशा वळते हे मायकेल फॅरडे यांनी १८४५ मध्ये काचेच्या तुकड्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. वाद अजून मिटलेला नाही. जास्त लांब झोतांनी ही अवस्था आणखी टिकवता येते का, यावर सध्या काम चालू आहे.